सेन्सर बदलला, कोड पुसला, तरी दिवा पुन्हा लागतो: एसयूव्हीच्या इंजिनावरचा नेमका सेन्सर कसा शोधायचा

तक्रार साधारण ठरलेली असते. डिझेल एसयूव्ही, पाच-सात वर्षं वापरलेली. आंबा घाट किंवा करूळ घाट चढताना अचानक पिकअप तुटतो, चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि गाडी पुढे रडतखडत चालते. दुसरा प्रकार गावातलाच. तासभर चाललेली गाडी सिग्नलला बंद पडते, सेल्फ फिरतो पण इंजिन धरत नाही, आणि वीस-पंचवीस मिनिटं उभी राहिली की काही न झाल्यासारखी सुरू होते. स्कॅनर लावतात, बिघाडाचा कोड निघतो, कोडमध्ये ज्याचं नाव तो सेन्सर बदलतात, कोड पुसतात. आठ-पंधरा दिवसांत दिवा पुन्हा हजर. मग दुसरा सेन्सर.

हे चक्र तोडायचं असेल तर एक गोष्ट पक्की धरून चाला: कोडमध्ये सेन्सरचं नाव असलं तरी तक्रार त्याच्या सर्किटची असते. त्यात सेन्सर, कपलर (वायरीचा प्लग), वायर, पाच व्होल्टचा पुरवठा, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी जोडणी) आणि ईसीयूची, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची, पिन हे सगळं आलं. शिवाय सेन्सर खरं बोलत असण्याचीही शक्यता असते. डिझेल फिल्टर चोंदला म्हणून रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरांकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब, कमी पडलं, तर ते कमी सांगणारा सेन्सर आपलं काम चोख करतोय. त्याला बदलून काय मिळणार?

पुसण्याआधी लिहून घ्या

कोड पुसणं हे शेवटचं काम. बहुतेक ठिकाणी तेच आधी होतं आणि सगळा पुरावा जातो. स्कॅनरमध्ये कोडसोबत फ्रीझ फ्रेम असते. कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती, कूलंट किती तापलेलं, वेग आणि लोड किती होता, हे त्यात असतं. त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. कूलंट ९० अंश, आरपीएम २,४००, लोड ८५ टक्के असं दिसलं तर बिघाड चढावरचा आहे. आयडलवर उभ्या गाडीला तपासून तो सापडणार नाही.

एकाच वेळी तीन-चार सेन्सरांचे कोड आले असतील तर त्यातला एकही सेन्सर लगेच विकत घेऊ नका. चार सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत. त्यांचा सामायिक पुरवठा किंवा सामायिक अर्थ गेलेला असतो. त्याकडे पुढे येऊ.

बाजू आणि दिशा

मॅन्युअलमध्ये ‘इंजिनाच्या पुढच्या बाजूला डावीकडे’ असं लिहिलेलं असतं आणि अर्धी गल्लत तिथंच होते. डावं-उजवं नेहमी ड्रायव्हरच्या सीटवर बसून धरायचं, बोनेटसमोर उभं राहून नाही. इंजिनाची ‘पुढची बाजू’ म्हणजे पट्टा आणि पुलीची बाजू. मागची बाजू म्हणजे फ्लायव्हील आणि गिअरबॉक्सची. स्कॉर्पिओ, बोलेरो, फॉर्च्युनर या गाड्यांत इंजिन लांबीत बसवलेलं असतं, त्यामुळे पुली रेडिएटरकडे आणि गिअरबॉक्स केबिनकडे येतो. क्रेटा, डस्टर, एक्सयूव्ही ५०० यांत इंजिन आडवं आहे. तिथं इंजिनाची ‘पुढची बाजू’ चाकाच्या कमानीकडे तोंड करून असते. एका गाडीचा व्हिडिओ बघून दुसऱ्या गाडीत सेन्सर शोधायला गेलं की हमखास चुकतं ते यामुळेच.

सेन्सर हातात आला तरी तो कोणता हे ठरवायला तीन प्रश्न पुरतात. त्याचं टोक कशात बुडालंय: पाण्यात, ऑइलमध्ये, हवेत, डिझेलमध्ये, की दातेरी चाकासमोर? वायरी किती? अंगावर नंबर काय? एक वायर असली तर बहुधा ऑइल प्रेशरचा स्विच किंवा जुन्या पद्धतीचा काट्याचा सेंडर. दोन वायरी असल्या तर तापमानाचा सेन्सर किंवा कॉइलवाला क्रँक सेन्सर. तीन असल्या तर दाबाचा किंवा हॉल प्रकारचा (आत इलेक्ट्रॉनिक्स असलेला चुंबकी). चार असल्या तर दाब आणि तापमान एकत्र, किंवा हीटरवाला ऑक्सिजन सेन्सर. गॅस पेडलच्या सेन्सरला सहा. बॉशच्या डिझेल सेन्सरचा नंबर बहुतेक वेळा ०२८१ ने सुरू होतो, पेट्रोलवाल्यांचा ०२६१ ने. दुकानदाराला गाडीचं नाव सांगण्यापेक्षा हा पूर्ण दहा आकडी नंबर दाखवा. एकाच मॉडेलमध्ये दोन वर्षांत सेन्सर बदललेले असतात.

दोन वायरींचा प्रत्येक कपलर सेन्सरचाच असतो असंही नाही. रेलवरचा किंवा पंपावरचा प्रेशर व्हॉल्व्ह, इंजेक्टर, इजीआरचा (धूर परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेचा) सोलेनॉइड हे ईसीयूच्या हुकमाने चालणारे पार्ट आहेत, मोजणारे नाहीत. सेन्सर समजून ते बदललेल्या गाड्या कमी नाहीत.

गरम झाली की बंद, थंड झाली की चालू

या लक्षणात पहिला संशय क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतंय हे ईसीयूला सांगणाऱ्या सेन्सरवर. जागा दोनच: फ्लायव्हीलजवळ बेल हाउसिंगच्या वरच्या किंवा बाजूच्या अंगाला, नाहीतर पुढे क्रँक पुलीमागे. लांबीत बसवलेल्या इंजिनात तो केबिनच्या भिंतीजवळ खोल असतो आणि वरून हात जात नाही. गाडी रॅम्पवर घेऊन खालून जावं लागतं. कोड पी०३३५ किंवा पी०३३६.

सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम बघा. १५० ते २५० दिसायला हवेत. शून्य दिसले तर ईसीयूला इंजिन फिरतंय हेच कळत नाही, मग तो डिझेल सोडणार नाही. पण त्याआधी बॅटरी मोजा. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल तर आधी बॅटरी आणि सेल्फची केबल नीट करा. कमजोर बॅटरीमुळेही क्रँकचा कोड पडतो.

दोन वायरींचा, म्हणजे कॉइलवाला सेन्सर असेल तर चावी बंद करून, कपलर काढून त्याचा ओहम मोजा. बॉशच्या नेहमीच्या सेन्सरला २० अंशाला सुमारे ८६० ओहम येतात. इतर बनावटींत ५०० ते १,५०० च्या दरम्यान काहीही असू शकतं. खरी मेख गरम असतानाची आहे. तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतोच. ८६० चा सेन्सर १०० अंशाला १,१०० च्या घरात जाणार, आणि ते बरोबरच आहे. पण गाडी बंद पडल्या पडल्या मोजल्यावर आकडा काही हजारांवर किंवा ‘ओपन’ आला आणि थंड झाल्यावर पुन्हा ८६० झाला, तर आतली तार तापल्यावर सुटते हे सिद्ध झालं. म्हणून हा सेन्सर थंड गाडीवर मोजून ‘ठीक आहे’ म्हणण्यात अर्थ नाही. गाडी मुद्दाम गरम करा, बंद पडू द्या, लगेच मोजा. बंद पडत नसेल तर सेन्सर बाहेर काढून हेअर ड्रायरने तापवा आणि मीटर लावून ठेवा.

तीन वायरींचा हॉल सेन्सर असेल तर त्याला ओहमवर मोजूच नका. आत इलेक्ट्रॉनिक्स असतं. आकडा काहीही येईल आणि त्यावरून काही ठरणार नाही. चावी ऑन करून कपलरवर एका पिनला पुरवठा (गाडीनुसार ५ किंवा १२ व्होल्ट) आणि दुसरीला अर्थ आहे का ते बघा. मग सेन्सर जोडून मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून सिग्नल मोजा. पुली पान्याने हळू फिरवली की सिग्नल वर-खाली उडायला हवा. वायरला टाचणी टोचून मोजू नका. त्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि सहा महिन्यांनी तीच वायर आतून हिरवी पडून तुटते.

सेन्सर बाहेर आला की टोक बघा. चुंबक असल्यामुळे फ्लायव्हीलच्या रिंगची लोखंडी भुकटी तिथं साचते. नुसतं पुसून पुष्कळ गाड्या सुटतात. टोक घासलेलं असेल तर चाकाचा दात वाकलाय किंवा सेन्सर चुकीच्या उंचीचा आहे. टोक आणि दात यांत साधारण अर्धा ते दीड मिलिमीटर फट लागते. बसवताना खालचा गंज काढा, नाहीतर सेन्सर तिरका बसतो. बोल्ट एम६, ८ ते १० न्यूटन-मीटर पुरे. जोर लावला तर प्लॅस्टिकचा कान तुटतो.

क्रँक आणि कॅम सेन्सर पुष्कळदा सारखे दिसतात. कॅमचा वर असतो, हेडच्या कव्हरवर किंवा कॅम गिअरशेजारी, कोड पी०३४०. तो गेला तर सेल्फ लांबतो, पण चालू इंजिन बऱ्याच गाड्यांत चालत राहतं. पी००१६ आला तर दोन्ही सेन्सर बाजूला ठेवा आणि टायमिंग चेन किंवा बेल्ट बघा. हा कोड दोघांचा ताळमेळ बिघडल्याचा आहे.

रेल प्रेशर: इथं घाई नको

कॉमन रेल म्हणजे इंजेक्टरांकडे जाणाऱ्या चार जाड नळ्या जिथून निघतात तो पोलादी दांडा. त्याच्या एका टोकाला तीन वायरींचा रेल प्रेशर सेन्सर. दुसऱ्या टोकाला दोन वायरींचा व्हॉल्व्ह असू शकतो. त्याच्याशी गल्लत करू नका. रेलमध्ये पूर्ण लोडला १,६०० बार आणि त्याहून जास्त दाब असतो. चालू इंजिनावर कुठलाही नट सैल करायचा नाही, गळती बोटाने चाचपायची नाही. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघा. डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी थेट दवाखान्यात जायचं आणि ‘दाबाखालचं डिझेल आत गेलंय’ असं डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. इंजिन बंद केल्यावरही थांबा आणि स्कॅनरवर रेलचा दाब शून्याजवळ आला हे बघूनच पाना लावा.

तपासणी सोपी आहे. रात्रभर उभ्या गाडीत चावी ऑन, इंजिन बंद: सिग्नल ०.५ व्होल्टच्या आसपास. आयडलला दाब साधारण २५० ते ३५० बार. १,८०० बारच्या सेन्सरला ०.५ ते ४.५ व्होल्ट एवढा पट्टा असतो, म्हणजे ३०० बारला १.१७ व्होल्ट यायला हवेत. मीटर आणि स्कॅनर यांचे आकडे जुळले तर सर्किट ठीक आहे. मग पी००८७, म्हणजे दाब कमी, हा कोड आला असेल तर डिझेल फिल्टर, टाकीकडून हवा ओढणारी नळी, इंजेक्टरची परत गळती (त्यातून टाकीकडे जादा परत जाणारं डिझेल) या दिशेने जा.

आता एक फसवी चूक. १,५०० आणि १,८०० बारचे सेन्सर आट्यांना आणि कपलरला हुबेहूब जुळू शकतात. १,८०० च्या जागी १,५०० चा बसला तर खऱ्या ३०० बारला तो १.३ व्होल्ट देतो आणि ईसीयू त्याला ३६० बार समजतो. मग ईसीयू दाब उतरवतो. गाडी सुरू होते, गावात बरी चालते, आणि तवंदी घाटाच्या चढाला दम टाकते. कोडही लगेच पडत नाही. ‘नवा सेन्सर घातल्यापासून पिकअप गेला’ ही तक्रार आली की आधी नंबर जुळवा.

कोल्हापुरात हवेचा दाब ९५ किलोपास्कल

इनटेक मॅनिफोल्डवर किंवा इंटरकूलरच्या नळीवर एका-दोन स्क्रूंनी बसवलेला, चार वायरींचा छोटा डबा म्हणजे मॅप किंवा बूस्ट सेन्सर; इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब तो मोजतो. याची सगळ्यात स्वस्त तपासणी फुकटची आहे: चावी ऑन, इंजिन बंद ठेवून दाब वाचा. त्या वेळी तो बाहेरच्या हवेचा दाब सांगतो. पुस्तकात १०१ किलोपास्कल लिहिलेलं असतं, पण तो समुद्रकाठचा आकडा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे इथं ९४ ते ९६ यायला हवेत. करूळ घाट उतरून वैभववाडीकडे गेलात की तीच गाडी जास्त दाब दाखवेल. कोल्हापुरात उभ्या गाडीवर आकडा हलत नसून बरोबर १०१ आला, तर संशय घ्या. सेन्सरचं सर्किट तुटल्यावर काही ईसीयू ठोकळ आकडा धरून चालतात आणि स्कॅनर तोच दाखवतो. खात्रीसाठी आकड्यावर विसंबू नका, त्याच वेळी सिग्नल पिनचं व्होल्टेज मोजा.

इंजिन चालू केल्यावर आकडा सुस्त हलत असेल तर सेन्सर काढून नळी बघा. इजीआरची काजळी आणि टर्बोचं ऑइल मिळून डांबरासारखा थर बसतो. इलेक्ट्रिक कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा सेन्सर क्लीनर फवारून सुकू द्या. तार घालून खरवडू नका, आतली पटल फाटते. पी०२९९, म्हणजे बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) कमी, या कोडमागे तर सेन्सरपेक्षा इंटरकूलरची फाटलेली नळी किंवा सुटलेली क्लिप जास्त वेळा असते. नळीच्या सांध्याला ऑइलची ताजी ओल दिसली की हवा तिथून जातेय. चढावरच नळी उघडते, उभ्या गाडीला ती ठीक दिसते.

एअर फिल्टरच्या डब्याला लागून असलेला, किती हवा आत जाते ते मोजणारा एमएएफ सेन्सर वेगळा. त्यात चार-पाच वायरी आणि आत नाजूक फिल्म. उसाच्या हंगामात रस्त्यांवरच्या धुळीने फिल्टर लवकर भरतो आणि डब्याचं झाकण नीट न लागल्यास धूळ थेट फिल्मवर बसते. कार्बोरेटर क्लीनर मारू नका, त्यासाठीचाच क्लीनर वापरा.

कूलंट सेन्सर थर्मोस्टॅटच्या घरात किंवा हेडच्या टोकाला, दोन वायरींचा. नेहमीच्या सेन्सरला २० अंशाला सुमारे २,५०० ओहम, ८० ला ३२० च्या आसपास. स्कॅनरवर उणे ४० दिसलं तर वायर तुटलीय किंवा कपलर सुटलाय, कोड पी०११८. कपलर काढून त्याच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडा. आकडा उणे ४० वरून एकदम १३० च्या वर उडाला तर ईसीयूपर्यंतची वायर चांगली, सेन्सर खराब. नाही हलला तर वायर शोधा. ही दोन मिनिटांची चाचणी दोन वायरींच्या सगळ्या तापमान सेन्सरांना चालते. तीन वायरींच्या सेन्सरवर ती कधीही करू नका.

बीएस-६ गाड्यांत, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या, सायलेन्सरच्या बाजूला सेन्सरांची आणखी एक फळी आहे. दोन रबरी नळ्या लावलेला डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) डिफरन्शियल प्रेशर सेन्सर इंजिन बंद असताना शून्य दाखवायला हवा. पी२४५३ आला तर आधी नळ्या फुंकून बघा, तडकलेल्या किंवा आत पाणी साचलेल्या असतात. त्या उलट जोडल्या तरी कोड येतो.

सगळ्यांचे पाच व्होल्ट एकच

रेल, मॅप, पेडल, कॅम हे सेन्सर ईसीयूकडून येणाऱ्या पाच व्होल्टवर जगतात आणि तो पुरवठा दोन-तीन जणांत वाटलेला असतो. एका सेन्सरच्या पोटात शॉर्ट झाला की बाकीचेही खोटं बोलू लागतात. म्हणूनच कोडांची रांग लागते, कधी सोबत पी०६४१ असतो. मॅपच्या कपलरवर मोजा: ४.९ ते ५.१ व्होल्ट हवेत. दोन-अडीच व्होल्टच येत असतील तर चावी बंद करून एकेक सेन्सरचा कपलर काढत जा, दरवेळी चावी ऑन करून मोजा. ज्याचा कपलर निघाल्यावर पाच व्होल्ट परत आले तो सेन्सर दोषी. सगळे काढूनही आले नाहीत तर वायर कुठंतरी बॉडीला घासून सोलली आहे. इंजिनाच्या मागच्या कडेला, बॅटरीच्या ट्रेखाली आणि इजीआरच्या गरम नळीशेजारी हार्नेस (वायरींचा जुडगा) आधी बघा.

अर्थही तितकाच महत्त्वाचा. मीटरचा काळा वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूला, आणि सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आले तर अर्थची पट्टी काढून घासून पुन्हा घट्ट करा. क्लचचं किंवा इंजिनाचं काम झाल्यावर पट्टी लावायची राहून जाणं, हे वारंवार दिसतं.

शेताजवळ किंवा बांधाला लावलेल्या गाड्यांत उंदीर वायरी कुरतडतात, विशेषतः ऊस तुटल्यावर. जोड देताना वायर सोल्डर करून चिकटपट्टीऐवजी हीट श्रिंक नळी घाला. कॉइलवाल्या क्रँक सेन्सरच्या दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन आणि बऱ्याचदा जाळीत गुंडाळून आलेल्या असतात. जोडल्यावर पीळ आणि जाळी दोन्ही पूर्ववत करा, आणि त्यांना अल्टरनेटर व सेल्फच्या केबलपासून लांब ठेवा. त्या दोन वायरींची अदलाबदल झाली तर सिग्नल उलटा जातो आणि गाडी सुरूच होत नाही किंवा खोकते.

पंचगंगेच्या पुराच्या पाण्यातून गेलेल्या किंवा वॉशिंग सेंटरवर इंजिनावर जोराचं पाणी मारलेल्या गाडीत कपलर उघडून पिनांकडे बघा. हिरवट-पांढरा थर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश. सैल झालेली मादी पिन हलकेच दाबून घ्या. रबरी सील हरवला असेल तर नवा घाला. ग्रीसने सीलचं काम होत नाही.

दुरुस्ती झाल्यावरच कोड पुसा. मग गाडी पूर्ण थंड होऊ द्या, सुरू करून कामाच्या तापमानाला आणा, आणि ज्या लोडला कोड पडला होता तोच लोड तिला द्या. घाटातला कोड असेल तर घाटच चढवा. परत आल्यावर स्कॅनरमध्ये ‘पेंडिंग’ कोड बघा, कारण काही दोष सलग दुसऱ्या फेरीत दिसल्याशिवाय दिवा लावत नाहीत. तीन दिवस, तीन थंड स्टार्ट, तिन्ही वेळा पेंडिंग रिकामं असेल तर जुना सेन्सर फेकायला हरकत नाही. तोपर्यंत तो डिकीत ठेवा.